‘फ्रेम सोफ्याला जुळवा’ म्हणणाऱ्या मेसेजला बेळगाव-शहापूरच्या एका फ्रेमवाल्याचं उत्तर

गेल्या दिवाळीपासून एक मेसेज बेळगावात फिरतोय. माझ्याकडं तो चार ग्रुपांवरून आला, एकदा कानडीतूनही आला. आता गिऱ्हाईक दुकानात येतं ते चित्र टेबलावर ठेवायच्या आधी फोन पुढं करतं. ‘मामा, ह्यात बघा की. असंच करून द्या.’

मेसेजचं नाव ‘फ्रेम निवडण्याचे सहा सोनेरी नियम’. थोडक्यात ते असे. फ्रेम भिंतीच्या आणि सोफ्याच्या रंगाला जुळणारी घ्या. चित्र भारी असेल तर फ्रेमची पट्टी रुंद आणि सोनेरीच हवी. माउंट, म्हणजे चित्राभोवती काचेच्या आत बसवायची पुठ्ठ्याची चौकट, हा दुकानदाराचा पैसे काढायचा धंदा आहे, घेऊ नका. काच प्रत्येक चित्राला लावाच. त्याहून उत्तम म्हणजे लॅमिनेशन, ओल नाही की धूळ नाही. आणि एकदा फ्रेम केली की जन्मभर उघडायची गरज नाही. शेवटी एक ओळ जाता जाता दिलीय, की चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीला यावा. ती ओळ बरोबर आहे. बाकीचं बोलू.

मेसेजच्या क्रमानं मी जाणार नाही. ज्यानं चित्र मरतं ते आधी, ज्यानं नुसतं वाईट दिसतं ते मागून.

लॅमिनेशन. लग्नाचा फोटो, पदवीचा फोटो, छापून आणलेलं देवाचं चित्र, ह्यांना खुशाल करा. बिघडलं तर दुसरी प्रत निघते. बिघडतं मात्र नक्की. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर चिकटवलेला फोटो दोन पावसाळे काढतो, मग कडा चहात बुडवलेल्या बिस्किटागत फुगतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांत तर एकच पावसाळा पुरतो. अथणीकडं कोरड्या हवेत तीच फळी वर्षानुवर्षं टिकेल, पण मेसेज लिहिणाऱ्यानं गाव विचारलेलं नाही.

हाताने काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. लॅमिनेशन म्हणजे गोंद, ताप आणि दाब. एकदा झालं की सुटत नाही. जलरंगाच्या कागदाला बारीक खडबड असते, रंग त्या खळग्यांत बसतो आणि त्या खडबडीवर उजेड पडूनच चित्राला जीव येतो. वर प्लास्टिकचा पापुद्रा बसला की ते गेलं, जलरंग छापील कॅलेंडरासारखा दिसायला लागतो. पेस्टलच्या खडूनं किंवा कोळशानं काढलेल्या चित्राचं तर विचारूच नका, निम्मी पूड त्या पापुद्र्यालाच जाऊन चिकटते.

दुसरं कारण कागदाचंच. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याला चारी बाजूंनी फळीला डकवून टाकलं तर तो हलणार कुठं? मग मधे फोड येतात, कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. म्हणून कागदावरचं चित्र वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्यांनी नुसतं टांगायचं, बाकी मोकळं सोडायचं. पट्ट्या लावायला गव्हाच्या सत्वाची खळ, म्हणजे उद्या ओलसर बोळ्यानं सुटतात. बाइंडर लोक खळीत कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते चित्राला नको. मोरचुदात तांबं असतं, तांब्यानं कागद लवकर कुजतो. फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर मुळीच नको. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो, आणि तो डाग काढणं माझ्या बापाच्यानंही झालं नाही.

हे शहाणपण मला आईच्या पोटातून आलेलं नाही. धंद्यात नवा असताना एका मास्तरांचं कोळशाचं चित्र मी हार्डबोर्डला छान पैकी फेव्हिकॉलनं डकवून दिलं होतं, एक सुरकुती नाही! मास्तर खूश, मी खूश. काही वर्षांनी काच बदलायला ते चित्र परत आलं तेव्हा कागद बिडीच्या पानाच्या रंगाचा झाला होता. हार्डबोर्डातलं आम्ल गोंदाबरोबर आत गेलं होतं. मास्तर काही बोलले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

आता काच आणि माउंट. मेसेजमध्ये हे दोन वेगळे नियम आहेत, पण धंद्यात ही एकच गोष्ट आहे.

कागदावरच्या चित्राला काच हवीच. जलरंग, पेन्सिल, पेस्टल, जुनी छपाई, सगळ्याला. मोठ्या चित्राला वजन कमी व्हावं म्हणून ॲक्रिलिक चालतं, पण पेस्टलला आणि कोळशाला नाही. पुसलं की ॲक्रिलिकमध्ये वीज साठते आणि ते पूड ओढून घेतं. कॅनव्हासवरच्या तैलरंगाला मात्र काच सहसा नको. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, आणि त्याला महिने लागतात. वरून हात लावला तर वाळलेला वाटतो, आत ओला असतो. त्याच्या अंगाला काच टेकली तर रंग काचेला धरतो. शिवाय तैलचित्राची चमक काचेमागं गेली की आपल्याला चित्राऐवजी समोरची खिडकी दिसते. त्याचं संरक्षण म्हणजे नीट वाळल्यावरचं व्हार्निश. पॅरिसला मोनालिसा काचेमागं आहे हे कुणीतरी मला परवा ऐकवलं. आहे खरी. तिच्यावर लोकांनी दगडसुद्धा मारलाय. आपल्या हॉलमधल्या चित्राला एवढे शत्रू नसतात.

तर कागदाला काच हवी, पण काच कागदाला टेकता कामा नये. ह्या एका वाक्यासाठी माउंट आहे. काचेच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात दमट हवेचं पाणी धरतं. कागद टेकलेला असला की तिथं बुरशीचे ठिपके पडतात, फोटो असेल तर त्याचा जिलेटिनचा थर काचेलाच चिकटतो.

खानापूरकडच्या जुन्या घरांतून माझ्याकडं रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती येतात. तो छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं गावोगाव पोचली आणि बहुतेकांनी ती सरळ काचेला टेकवून बंद केली. आता लक्ष्मीचा अर्धा चेहरा काचेवर आणि अर्धा कागदावर अशी अवस्था. अशी तसबीर घरात असेल तर कृपा करून पात्यानं सोडवायला जाऊ नका. काचेसकट राहू द्या, काचेसकटच नवी चौकट करता येते. दीड मिलिमीटरभर जाडीचं माउंट त्या वेळी मधे असतं, तर आज हे झालं नसतं.

दुकानदाराला माउंटमध्ये पैसे सुटतात का? सुटतात. सोनेरी पट्टीत त्याहून जास्त सुटतात, पण मेसेजला त्याची तक्रार नाही!

माउंट घ्याल तर दोन गोष्टी बघा. एक, ते आम्लरहित आहे का. साधा पुठ्ठा असेल तर कापलेली तिरकी कड काही वर्षांत तपकिरी होते आणि चित्राभोवती चहाच्या कपाचा उठावा तसा चौकोनी डाग उठतो. दोन, रंग. गिऱ्हाईक हटकून पांढराशुभ्र मागतं. जलरंगात पांढरा रंग बहुधा नसतो, कोरा सोडलेला कागद हाच त्याचा उजेड. बेळगावात जलरंगाची जुनी परंपरा आहे. चित्रकलेचे गुरू के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली इथं पिढ्या घडल्या, चित्रकार रवी परांजपे त्यांतलेच. त्यामुळं असे कागद माझ्याकडं सारखे येतात. त्या कागदाच्या पांढऱ्याशेजारी खडूसारखं पांढरं माउंट ठेवलं की चित्रातला उजेड मळका दिसतो. माउंट कागदापेक्षा किंचित काळवंडलेलं घ्यावं, जुन्या धोतराच्या रंगाचं. खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवावी, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. आणि माउंटची रुंदी पट्टीएवढी नसावी. दोन्ही सारखी झाली की रेघा मोजत बसल्यासारखं होतं.

सोनेरी पट्टीवर माझा राग नाही. त्याच रविवर्म्याच्या लक्ष्मीला सोनेरी शोभते, कारण तिच्या अंगावर सोनं आहे, लाल साडी आहे, चित्र स्वतःच तो रंग मागतं. दिवे-मेणबत्त्यांच्या काळात सोन्याचा वर्ख उजेड परतवायचा, म्हणून राजवाड्यांत तो आला. पण भारी चित्र म्हणजे सोनेरी फ्रेम हे जगात कधीच सगळ्यांनी मानलेलं नाही. सतराव्या शतकातल्या डच लोकांनी आपल्या उत्तमातल्या उत्तम चित्रांना काळ्या लाकडाच्या चौकटी केल्या. चित्रकार पिसारोनं १८७७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पांढऱ्या चौकटी लावल्या. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये फळांचं एक पिवळंधमक चित्र काढलं आणि रंगाचा ब्रश तसाच पुढं नेऊन चौकटही पिवळी रंगवली. ती चौकट आजही ॲम्स्टरडॅमला आहे. आमच्याकडं सोनेरी म्हणून जी सिंथेटिक पट्टी मिळते तिच्यात सोनं नसतं आणि लाकूडही नसतं. शाळकरी पोरानं काढलेल्या किल्ला तलावाच्या चित्राला चार इंची सोनेरी पट्टी लावली की पोरगं बापाचा कोट घालून उभं राहिल्यासारखं दिसतं.

आता पहिला नियम, ज्यावरून मेसेज इतका चालला. सोफ्याला जुळवा.

जुन्या घरांत सोपा, म्हणजे पुढची बसाउठायची जागा, होता, सोफा नव्हता. सोप्यात तसबिरी उंचावर, पुढं कललेल्या टांगायच्या, म्हणजे खाली घोंगड्यावर बसलेल्याला काचेची झळक न लागता दिसाव्यात. मागच्या फटीत चिमण्या घरटं करायच्या. त्या तसबिरी कशाला जुळवलेल्या नव्हत्या. भिंत दरवर्षी चुन्यानं सारवली जायची. आजही भिंतीचा रंग दर चार-पाच वर्षांनी बदलतो, सोफ्याचं कापड त्याच्या आधी फाटतं. सागाची पट्टी पन्नास वर्षं टिकते. पन्नास वर्षांची वस्तू पाच वर्षांच्या वस्तूला जुळवायची, हा कुठला हिशेब?

मग ठरवायचं कसं? माझ्याकडं पट्ट्यांचे काटकोनात जोडलेले नमुन्याचे कोपरे टांगलेले आहेत. चित्र ट्यूबलाइटखाली बघायचं नाही, दाराशी उजेडात आणायचं. एका कोपऱ्यावर एक नमुना, समोरच्या कोपऱ्यावर दुसरा. पाच पावलं मागं जायचं आणि डोळे अर्धे मिटायचे. आधी पट्टी दिसली तर ती बाद. पट्टी चित्रातल्या सगळ्यात गडद जागेहून गडद नको आणि सगळ्यात उजळ जागेहून उजळ नको, एवढं धरलं तर शंभरातली नव्वद चित्रं निभतात. उरलेल्या दहांसाठी भांडावं लागतं. कोपरे जोडलेले नीट बघा. पंचेचाळीस अंशाचा काप चुकला की लोक फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारतात. नखानं टोकरलं की कळतं.

उघडायची गरज नाही म्हणणाऱ्या नियमाबद्दल जास्त लिहीत नाही. पावसाळा सरला की फ्रेम उतरवावी, उलटी करून बघावी. मागचा कागद फाटला असेल तर कसर आत गेलेली असते. दोरी, खिळा, मागच्या चुका म्हणजे बारीक खिळे, गंजल्यात का बघावं. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावाव्यात, म्हणजे भिंत आणि पाठ यांच्यात वारा खेळतो. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथं पावसाची झड बाहेरून बसते, तिथं चित्र लावूच नये.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण गेल्या आठवड्यातलं गिऱ्हाईक. टिळकवाडीतल्या एक बाई वडिलांनी काढलेला राजहंसगडाचा जलरंग घेऊन आल्या. वडील आता नाहीत. जुनी फ्रेम वाळवीनं खाल्लेली. फोन पुढं केला. ‘मामा, ह्यात लॅमिनेशन उत्तम म्हटलंय. गणपतीला हॉल रंगवणार आहोत, सोफा हिरवा आहे, तर हिरवट बॉर्डर देऊन सोडा.’

मी म्हटलं, ताई, आधी उघडू तर दे. चुका उपसल्या, हार्डबोर्ड काढला, त्यामागं घातलेलं वर्तमानपत्र काढलं, ते हातातच तुटत होतं. चित्राची पाठ तपकिरी पडली होती, पण खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ शाबूत होती. ‘येळ्ळूरच्या रस्त्यावरून, सकाळी साडेसात, पाऊस उघडला.’ फळीला डकवलं असतं तर ही ओळ फळीच्या आतच गेली असती.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. अक्षर वडिलांचं, पण चित्राला पाठ असते हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मग दाराशी उजेडात आम्ही कोपरे लावत बसलो. गडाच्या ओल्या काळ्या दगडाच्या रंगाची बारीक सागाची पट्टी ठरली, त्यात धोतराच्या रंगाचं माउंट. जाताना फोन पिशवीत टाकत म्हणाल्या, ‘सोफा काय, तो तसाही पोरांनी उसवलाय.’