हरवलेल्या विमानाबद्दल बोलताना जरा जपून

परवा आमच्या गावच्या ग्रुपवर परत तो व्हिडिओ आला. एमएच ३७०, ते मलेशियाचं हरवलेलं विमान, सापडलं म्हणे, समुद्राच्या तळाशी, आत सांगाडे सीटबेल्ट लावून बसलेले, आणि मागे कसलंतरी भीतीदायक म्युझिक. दहा मिनिटांत तीच जुनी चर्चा सुरू, पायलटनेच मारलं सगळ्यांना, नाही नाही अमेरिकेने हिंदी महासागरातल्या आपल्या लष्करी तळावर, दिएगो गार्सियाला उतरवलं, कोण म्हणतो कंबोडियाच्या जंगलात गुगल मॅपवर दिसतंय. मी तिथे दोन ओळी लिहिल्या पण ते दोन ओळींत मावणारं नाही म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

तर आधी हे की तो व्हिडिओ खोटा आहे, असले दर काही महिन्यांनी येतात. आणि दुसरं, आपल्याला काहीच माहीत नाही, सगळं गूढ आहे, असं जे म्हणतात ना तेही खरं नाही. बरंच माहितेय. ८ मार्च २०१४, मध्यरात्र उलटून गेल्यावर १२.४२ ला क्वालालंपूरहून बीजिंगसाठी मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग ७७७ उडालं, आत २३९ माणसं, दीडशेच्या वर चिनी, पाच आपले भारतीय. १.१९ ला कॉकपिटमधून शेवटचं गुड नाइट, दोनेक मिनिटांत ते एटीसीच्या, म्हणजे विमानतळावरच्या हवाई वाहतूक कंट्रोलच्या पडद्यावरून गेलं. लष्करी रडारवर मात्र ते दिसत होतं, मागे वळलं, मलेशिया आडवं ओलांडलं, पेनांगला वळसा घालून अंदमानच्या समुद्राकडे गेलं, २.२२ नंतर तिथूनही नाहीसं झालं. त्यापुढे फक्त इनमारसॅट कंपनीच्या सॅटेलाइटशी विमानातल्या यंत्राचा तासातासाला होणारा आपोआप संपर्क, तो सकाळी ८.१९ पर्यंत. त्यात विमान कुठे आहे हे नव्हतं, पण सिग्नलला यायला किती वेळ लागला आणि फ्रिक्वेन्सी किती सरकली एवढ्यावरून इंजिनियर लोकांनी बसून हिशोब मांडला की विमान दक्षिणेला, हिंदी महासागरात गेलं. एवढ्याशा धाग्यावरून हे शोधलंय लोकांनी! मला तर त्या व्हिडिओपेक्षा हीच गोष्ट हजारपट थक्क करणारी वाटते, पण ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता अफवा का पसरल्या याचा दोष मी नुसता लोकांवर टाकणार नाही. पहिला आठवडा आठवा. लष्कराच्या रडारवर विमान पश्चिमेला गेल्याची नोंद होती, आणि जहाजं शोधत होती दक्षिण चीन समुद्रात, म्हणजे साफ उलट्या बाजूला. पंतप्रधान नजीब रझाक यांनी विमान वळलं हे स्पष्ट सांगितलं १५ मार्चला, आठवड्याने! त्या रात्री तर व्हिएतनामच्या कंट्रोलवाल्यांनी १.३८ लाच विचारलं होतं की विमान आमच्याकडे आलं नाही, आणि अधिकृत धोक्याचा इशारा निघाला साडेपाचला. अशा वेळी घरचे लोक काय विचार करणार, सरकार लपवतंय असंच ना. जिथे सांगणारा गप्प बसतो तिथे लोक स्वतःच गोष्ट रचतात, हे जगात सगळीकडे तसंच आहे. एका मोठ्या अमेरिकन चॅनेलवर तेव्हा ब्लॅक होलने विमान गिळलं का यावर चर्चा झाली होती. आपल्या गावचा ग्रुप त्या मानाने बरा म्हणायचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदला दिवस. हरिहरेश्वरच्या समुद्रात माणूस नसलेली बोट मिळाली आणि आत तीन एके ४७. आठवतंय ना ती सकाळ? नाक्यानाक्यावर नाकाबंदी, टीव्हीवर लाल पट्ट्या, आणि आमच्याकडे तर अमक्याने चार दाढीवाले उतरताना पाहिले, तमक्याच्या वाडीत अनोळखी माणसं जेवून गेली, इथपर्यंत पोचलं होतं. घाबरायला कारणही होतं, नाही म्हणत नाही, ९३ साली इथेच शेखाडीला आरडीएक्स उतरलंय, ते या किनाऱ्यावरचं कोणी विसरलेलं नाही. पण त्याच दिवशी फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं की ही लेडी हान नावाची बोट, एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, मस्कतहून युरोपला चालली होती, २६ जूनला इंजिन बंद पडलं, आतल्या लोकांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं, समुद्र खवळलेला म्हणून बोट ओढून नेता आली नाही, आणि ती वाहत वाहत आपल्या दारात आली. पावणेदोन महिने! ते चार दाढीवाले पाहणारे नंतर काही बोलले नाहीत. मधल्या काही तासांत मात्र आमच्याकडच्या दोन फिरत्या विक्रेत्या पोरांना लोकांनी अडवून धरलं होतं, आधार कार्ड दाखव म्हणून. ती पोरं परत या बाजूला आली नाहीत.

माझा मामा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख होता, आयुष्य बोटीवर गेलं. त्याला त्या बोटीचं अजिबात नवल वाटलं नाही. तो जेट्टीवर जाळं शिवत बसला होता, तिथेच मला म्हणाला, "अगं पावसाळ्यातला वारा आणि पाणी, तिकडचं सगळं इकडेच येणार. जे पाण्याच्या वर राहतं त्याला वारा नेतो, जे पाण्यात बुडून राहतं त्याला करंट नेतो, दोन्ही एका ठिकाणी सुटले तरी एका ठिकाणी लागत नाहीत." त्याच्या हातात तेव्हा बोया होता, जाळ्याला लावतात तो तरंगता गोळा, तो त्याने पालथा करून दाखवला, हा एवढा भाग वर राहिला की हा जोरात जाणार आणि तोही सरळ नाही, तिरका.

हे मला नंतर जसंच्या तसं एमएच ३७० च्या तपासात वाचायला मिळालं तेव्हा अंगावर काटा आला. २९ जुलै २०१५ ला हिंदी महासागराच्या पार आफ्रिकेकडच्या बाजूला, रीयुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्या लोकांना विमानाच्या पंखाचा तुकडा मिळाला, फ्लॅपेरॉन म्हणतात त्याला, त्याला बोटीच्या बुडाला चिकटतात तसले कवचाचे जीव लगडलेले. विमान गेल्याला सोळा महिने झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेच्या लोकांनी काय केलं, तर खऱ्या ७७७ चा फ्लॅपेरॉन मिळवला, मिळालेल्या तुकड्यासारखा कापला आणि टास्मानियाजवळच्या पाण्यात सोडून बघितला. तो वाऱ्याच्या रेषेत न जाता डावीकडे तिरका गेला आणि आधी केलेल्या नकली तुकड्यांपेक्षा जोरात गेला. मामा जे बोया पालथा करून सांगत होता तेच की! त्यावरून त्यांनी उलटा हिशोब करून सांगितलं की विमान शोधलेल्या पट्ट्याच्या उत्तरेला, ३५ अंश दक्षिणच्या आसपास पडलं असावं. २०१८ मध्ये तिथेही शोधलं, नाही मिळालं. पण बघा, चुकले असतील तरी कसे चुकले हे तपासता येतं, कारण काय केलं ते सगळं मांडलेलं आहे.

अंदाज करूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. ब्लेन गिब्सन नावाचा अमेरिकन वकील, त्याचा या तपासाशी काही संबंध नव्हता, स्वतःच्या खर्चाने मादागास्कर, मोझांबिकचे किनारे पालथे घातले, लोकल मच्छीमारांना विचारत फिरला, आणि मोझांबिकला 'नो स्टेप' लिहिलेला तुकडा शोधून सरकारच्या ताब्यात दिला. हाही बाहेरचाच माणूस, त्याच्याही डोक्यात अंदाजच होता. पण तो अंदाज घेऊन तो किनाऱ्यावर गेला.

एक गंमत वाटावी अशी पण महत्त्वाची गोष्ट. त्या विमानात साडेचार टन मँगोस्टीन होते, म्हणजे आपल्या कोकमाचं भावंडच, एकाच कुळातलं फळ. आणि दुसऱ्या बाजूला २२१ किलो लिथियम बॅटऱ्या. लोकांनी लगेच जोडलं, फळांचा रस गळला, बॅटऱ्यांवर पडला, शॉर्ट झालं, आग लागली. ऐकायला किती पटतं ना? तर मलेशियाच्या तपास पथकाने त्याला हसून सोडून दिलं नाही, रस आणि बॅटऱ्या एकत्र ठेवून टेस्ट करून घेतली, आणि असं होणं फारच अवघड आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलं. अंदाजाला असा मान दिला पाहिजे, म्हणजे तो तपासून बघितला पाहिजे.

आता पायलटचं. माझा खरा राग इथे आहे. कॅप्टन झहारी अहमद शाह, वय ५३, १८ हजारांवर तासांचा अनुभव. त्यांच्या घरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे विमान उडवण्याच्या सरावाच्या कॉम्प्युटरवर, हिंदी महासागरातले काही पॉइंट मिळाले हे खरं आहे, विमान हाताने वळवलं असणार असं तपासात निघालं हेही खरं आहे. पण जुलै २०१८ च्या त्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय की वागण्यात, तब्येतीत, पैशात संशय घ्यावं असं काही मिळालं नाही, तिसऱ्या कोणाचा हात असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि विमान का गेलं हे ठरवता येत नाही. हे तिन्ही एकत्र वाचायचं. तुम्ही त्यातलं एक उचलता आणि माणसाला २३८ जणांचा खुनी म्हणता, त्याच्या बायकोमुलांनी ते आयुष्यभर ऐकायचं. उद्या विमान मिळालं आणि त्यानेच केलं असं सिद्ध झालं तर म्हणा, मीही म्हणेन. आज नाही.

अहमदाबादच्या विमान अपघाताच्या वेळी २०२५ मध्ये आपण हेच केलं. प्राथमिक रिपोर्टमध्ये एवढंच होतं की दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच रनवरून कटऑफला गेले, आणि एक पायलट दुसऱ्याला विचारतोय तू बंद का केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं हे रिपोर्टमध्ये नव्हतंच. तरी त्याच दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत लोकांनी ठरवून टाकलं होतं कोणी केलं.

हे मला एवढं का लागतं सांगते. आमच्या बाजूच्या वाडीतला एक खलाशी, नाव घेत नाही, रात्री बोटीवरून पडला आणि मिळाला नाही. तटरक्षक दलाने शोधलं, आजूबाजूच्या बोटींनी शोधलं. महिनाभरात गोष्टी सुरू, तो वेरावळला दिसला, त्याने तिकडे दुसरा संसार केलाय, पाकिस्तानने पकडलंय कराचीच्या जेलमध्ये आहे, शेवटी तर त्याच्या तांडेलानेच त्याला ढकललं इथपर्यंत. त्याची बायको प्रत्येक गोष्टीमागे धावली, वेरावळला जाऊन आली, कराचीहून सुटलेल्या मच्छीमारांच्या याद्या वाचून काढल्या. त्याच्या नंबरला ती रिचार्ज मारत राहिली, इनकमिंग बंद होऊ नये म्हणून. एमएच ३७० च्या चिनी घरच्यांचंही पहिल्या दिवसांत हेच, फोन लावला की रिंग जातेय, म्हणजे आहेत कुठेतरी. बंद फोनलाही नेटवर्क शोधत असताना आपल्याला रिंग ऐकू येऊ शकते, पण हे त्यांना कोण समजावणार त्या क्षणी. आणि कागदांचं वेगळंच. बॉडी नाही तर मृत्यूचा दाखला नाही, कायद्याने सात वर्षं काही खबर नसली की मग मृत धरतात, तोवर विमा, बँक, मदत सगळं अडकून. मलेशियाने २९ जानेवारी २०१५ ला अपघात आणि सगळे मृत असं जाहीर केलं ते भरपाईचा मार्ग मोकळा व्हावा म्हणूनही, तरी कित्येक घरच्यांनी ते मानलं नाही, पुरावा दाखवा म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून माझं म्हणणं आहे, तुमचा जो काही जोर आहे तो तिथे लावा. शोध थांबू नये यासाठी लावा. ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीनने मिळून १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ शोधला, म्हणजे अख्ख्या कोकण विभागाच्या जवळजवळ चौपट, आणि जानेवारी २०१७ ला थांबवलं. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटी कंपनीशी नवा करार केला, १५ हजार चौरस किलोमीटरचा नवा पट्टा, मिळालं तरच ७ कोटी डॉलर. कोणी म्हणेल एवढ्या वर्षांनी काय मिळणार. आपल्या हवाई दलाचं एएन ३२ विमान घ्या, २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं, २९ जण. तेव्हा किती दिवस शोधलं, काही नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं की एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेच्या पाण्याखालच्या यंत्राने चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल अवशेषांचे फोटो काढलेत. साडेसात वर्षांनी. त्या २९ घरांना निदान जागा तरी कळली.

लष्करी रडारची सगळी नोंद लोकांसमोर ठेवा ही मागणी करा, त्यात मी तुमच्यासोबत आहे. मासेमारी बोटींना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र देताहेत, ते आपल्या जेट्टीवर किती बोटींना लागले आणि किती चालू आहेत हे विचारा, हे तर आपल्या हातातलं आहे. आणि ग्रुपवर ज्यांनी तो व्हिडिओ टाकलाय त्यांनी तो काढावा, दादा, तुम्हाला फोन पण केला होता मी, त्या खलाशाची बायको, ती वहिनी, त्याच ग्रुपवर आहे.