उलट्या ‘मनावर घेतल्याने’ होत नाहीत

आज ऑफिसात आमच्या गरोदर मैत्रिणीला एक बाई म्हणाल्या, “अगं, इतकं मनावर नको घेऊस. लक्ष देतेस म्हणून जास्त होतं.” ती नुसती हसली. ओठ सुकलेले, मुठीत चुरगाळलेला रुमाल. माझं डोकंच फिरलं.

ते हसू मला माहीत आहे ना! माझ्या वेळी मी बाथरूमचा नळ पूर्ण सोडून ओकायचे, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पोटात काही उरलेलं नसायचं, नुसतं पिवळं कडू पाणी, तरी उमासे थांबायचे नाहीत. लिफ्टमध्ये कुणी सेंट मारून आलं की संपलंच.

यात मन कुठून आलं? वारेतून जीडीएफ१५ नावाचं हार्मोन आईच्या रक्तात येतं आणि मेंदूला मळमळीचा इशारा देतं. गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी, तिला त्रास जास्त. २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. वाचा की जरा!

बहुतेकींचं चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत आपोआप थांबतं, बरं, मान्य. तोवर काय, नळ सोडून बसायचं?

औषधाची भीती मात्र खोटी नाही. थॅलिडोमाइड याच मळमळीवर दिलं जायचं. १९६१ मध्ये ते बाजारातून काढायला लागले, तोवर हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. पण म्हणून आजही सगळं सोसायचं? डॉक्सिलामाइन हे औषध आणि बी६ जीवनसत्त्व यांची जोडी गरोदर बायकांना कित्येक वर्षं दिली जातेय. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरही कसे भेटतात बघा. पहिल्या बाईंनी मान वर न करता “होतंच असं” म्हणून मला वाटेला लावलं. दुसऱ्यांना ती नळाची गोष्ट सांगितली, तर त्यांनी आधी विचारलं, “लघवी कधी झाली?” सकाळपासून नाही, म्हटल्यावर तिथेच सलाइन लावलं. घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी नि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर घरी थांबू नका.

आणि ए बाळा, तू हे वाचणारच आहेस. उठण्याआधी पडल्या पडल्या काहीतरी कोरडं चावून घे, पोट अगदी रिकामं ठेवू नकोस. ओकल्यावर लगेच ब्रश नको, आधी चुळा भर. आम्लाने दात झिजतात. लोहाच्या गोळीने वाढतंय असं वाटलं तर डॉक्टरांना सांग. यातलं काही नाही जमलं, तर नाही जमलं.

उद्या दवाखान्यात मी येतेय तुझ्याबरोबर. रजा टाकलीय.