मेल ब्लँक यांना नुसतं ‘हजार आवाजांचा माणूस’ म्हणू नका

अमेरिकन कार्टूनमधल्या पात्रांना आवाज देणाऱ्या मेल ब्लँक यांच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्या दोन-चार ओळींतच ‘हजार आवाजांचा माणूस’ ही बिरुदावली येते. बग्स बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्व्हेस्टर, योसेमिटी सॅम, फॉगहॉर्न लेगहॉर्न, शिवाय ‘द फ्लिंटस्टोन्स’मधला बार्नी रबल. सगळे एकाच गळ्यातून. यादी थक्क करणारी आहेच. पण ती वाचून आपण या माणसाला नकलाकारांच्या रांगेत बसवून टाकतो, आणि ते मला मनापासून खटकतं. ब्लँक हे नट होते, अव्वल दर्जाचे नट. त्यांनी आवाज किती काढले हे मोजण्यापेक्षा एकेका आवाजात काय भरलं ते ऐकायला हवं.

‘रॅबिट फायर’ हे 1951 चं कार्टून घ्या. दिग्दर्शक चक जोन्स. शिकारी एल्मर फड बंदूक घेऊन उभा आहे आणि ससा बग्स न् बदक डॅफी एकमेकांना त्याच्या पुढ्यात ढकलताहेत. मध्येच बग्स डॅफीचं सोंग घेतो आणि डॅफी बग्सचं. आता कान देऊन ऐका. बग्सने काढलेल्या डॅफीच्या आवाजातही बग्सचा निवांतपणा शिल्लक आहे. डॅफी बग्स होऊन बोलतो तेव्हा त्याचा उतावळेपणा लपत नाही. बग्स, डॅफी, सोंगातला बग्स, सोंगातला डॅफी, चौघेही ब्लँकच. पात्राने केलेली दुसऱ्या पात्राची नक्कल, आणि त्या नकलेतून डोकावणारा मूळ स्वभाव! समोर ना चेहरा, ना हातवारे. कारण या कार्टूनमध्ये संवाद आधी ध्वनिमुद्रित व्हायचे आणि चित्रकार ते ऐकून मग चित्रं काढायचे. स्टुडिओत ब्लँक यांच्यासमोर हलणारं चित्र नसायचं. चित्रातल्या सशाची भुवई कधी उडणार हे बऱ्याचदा त्यांच्या आवाजातल्या एका थांब्यावरून ठरायचं.

डॅफी आणि सिल्व्हेस्टर मांजर यांचं बोलणं तर मुळात एकाच धाटणीचं आहे. तोच बोबडा, थुंकी उडवणारा ‘स’. डॅफीचं ध्वनिमुद्रण वेग वाढवून वाजवलं जायचं, एवढाच तांत्रिक फरक. तरी आपण मांजराला बदक समजून कधी फसतो का? डॅफी स्वतःवर खूश असलेला, पडून पुन्हा फुशारणारा. सिल्व्हेस्टर हावरा, पण हरल्यावर केविलवाणा होणारा. हा फरक मशीनने पडत नाही.

पोर्कीचंही तसंच. पोर्कीचा पहिला आवाज जो डोहर्टी यांचा. ते खरोखरच अडखळत बोलत, आणि ते अडखळणं त्यांच्या ताब्यात नसल्यामुळे ध्वनिमुद्रण लांबत जायचं. 1937 मध्ये ही भूमिका ब्लँक यांच्याकडे आली आणि त्यांनी अडखळण्याला ताल दिला. पोर्की एका शब्दावर अडतो, झटतो, आणि शेवटी भलताच सोपा शब्द पकडून सुटतो. त्या सुटण्यात विनोद आहे, आणि पोर्कीबद्दलची मायाही आहे. त्याच वर्षीच्या ‘पोर्कीज डक हंट’मध्ये डॅफी पहिल्यांदा आला, तोही त्यांच्याच आवाजात.

हे सगळं अलगद हाती आलं नव्हतं. जन्म 1908 चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. वाढले पोर्टलंडमध्ये, घडले रेडिओवर. वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीची कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत त्यांनी दीड वर्ष खेटे घातले. दर वेळी एकच उत्तर, आमच्याकडे आवाज पुरेसे आहेत. नकार देणारा तो माणूस वारल्यावर त्याच्या जागी आलेल्याने एकदाचं ऐकून घेतलं, आणि पहिलं काम मिळालं ते एका झिंगलेल्या बैलाचं. डिस्नेच्या ‘पिनोकियो’साठी तर त्यांनी गिडियन या मांजराचे संवाद ध्वनिमुद्रित केले होते. पुढे ते पात्र मुकं ठेवायचं ठरलं. चित्रपटात त्यांची उरली फक्त उचकी.

अमेरिकन विनोदवीर जॅक बेनी यांच्या रेडिओ कार्यक्रमातला किस्सा मला फार आवडतो. बेनींच्या खटारा मॅक्सवेल गाडीच्या आवाजाची तबकडी ऐन वेळी वाजेना. ब्लँक यांनी माइक ओढला आणि खोकत, फुरफुरत, आचके देत ती गाडी तोंडाने चालू केली. पुढे ते काम त्यांच्याकडेच राहिलं. ती गाडीसुद्धा म्हातारी, चिडकी, हट्टी वाटते. यंत्रालाही स्वभाव देणाऱ्याला नट नाही तर काय म्हणायचं?

24 जानेवारी 1961 ला लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्यांच्या गाडीला समोरासमोर भीषण धडक बसली. हाडं मोडली, दोनेक आठवडे शुद्ध नव्हती. हाका मारून उपयोग होईना, तेव्हा एका डॉक्टरने विचारलं, ‘बग्स बनी, आज कसं वाटतंय?’ आणि बग्सच्या आवाजात उत्तर आलं. ब्लँक आणि त्यांचा मुलगा ही हकीकत पुढे अनेकदा सांगत. मला मात्र त्यानंतरचे महिने जास्त मोठे वाटतात. अंगभर प्लास्टर, उठून बसणंही मुश्कील, आणि पलंगाशी माइक लावून हा माणूस बार्नी रबलचं ते खुदखुदणारं हसू हसत होता.

आता जे सलतं ते. 1940 च्या दशकात ब्लँक यांनी पगारवाढ मागितली. कार्टून स्टुडिओचे मालक लिऑन श्लेसिंगर यांनी पैसे नाकारले आणि त्याऐवजी पडद्यावर नाव देऊ केलं. आवाज देणाऱ्याचं नाव कार्टूनच्या सुरुवातीला झळकणं तेव्हा अगदी दुर्मीळ. त्या एका ओळीने ब्लँक घराघरांत पोचले, आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं. पण त्याच ‘रॅबिट फायर’मधला एल्मर फड आर्थर क्यू. ब्रायन यांच्या आवाजात आहे, आणि त्यांचं नाव पडद्यावर नाही. ट्वीटीला सांभाळणाऱ्या आजीला आवाज देणाऱ्या जून फोरे यांचीही वॉर्नरच्या बऱ्याच कार्टूनमध्ये हीच गत. ब्रायन 1959 मध्ये गेले. आजही कितीतरी लोक एल्मरसुद्धा ब्लँक यांच्याच खात्यावर मांडतात. यात ब्लँक यांचा दोष नाही. एकालाच नाव द्यायचं आणि बाकीच्यांना अंधारात ठेवायचं ही स्टुडिओची रीत होती आणि ती अन्यायाची होती. फोरे मात्र गप्प बसल्या नाहीत. ॲनिमेशनच्या क्षेत्रातल्या ॲनी पुरस्कारांची कल्पना त्यांची.

आपल्याकडे हिंदीत डब केलेली कार्टून घराघरांत दिवसभर चालू असतात. डबिंगवाल्याचं काम तर उलटं आणि अवघड. चित्र आधीच तयार, परक्या भाषेसाठी काढलेले ओठ हलताहेत, त्यात आपलं वाक्य बसवायचं आणि वर जीवही ओतायचा. हे करणाऱ्यांत मराठी कलाकारही आहेत. पण भाग संपला की त्यांची नावं बहुतेक वेळा दिसतच नाहीत. सगळ्या डबिंग कलाकारांची नावं, त्यांच्या पात्रांसकट, वाचता येतील इतका वेळ पडद्यावर ठेवा, अशी माझी चॅनेलवाल्यांकडे आणि ओटीटीवाल्यांकडे साधी मागणी आहे. तुमच्या लहानपणीच्या एखाद्या पात्राला हिंदीत किंवा मराठीत कोणी आवाज दिला होता हे तुम्हाला नक्की ठाऊक असेल, तर पात्रासह त्यांचं नाव खाली लिहा.