सांगली, अमुक कि.मी.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, व्हँकूव्हरला उतरले तेव्हा त्यांच्या बॅगेत चार किलो भडंग, दोन स्वेटर आणि एक पत्र्याचा बोर्ड होता. बोर्ड मैलाच्या दगडासारखा कापलेला. वर गोलाई, डोकं हिरवं, खाली पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत ‘सांगली’, त्याखाली मोकळी जागा आणि मग ‘कि.मी.’. डोकं हिरवं का, तर अण्णांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, राज्य मार्गांवर गेली. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं. “ते आपल्याकडं नव्हतं,” अण्णा म्हणाले.

या बोर्डाचं मूळ कॅनडाच्या युकॉन भागातल्या वॉटसन लेक या गावी होतं. १९४२ साली अमेरिकन लष्कर अलास्का हायवे बांधत होतं. कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला तिथला दिशादर्शक खांब दुरुस्त करायला सांगितला, तर घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या त्या गड्याने खांबावर आपल्या डॅनव्हिल गावाचीही पाटी ठोकून दिली. पुढे जो तो आपल्या गावाची पाटी ठोकत गेला आणि आज तिथे ऐंशी हजारांहून जास्त पाट्यांचं जंगल उभं आहे. अण्णांनी सांगलीत बसून मोबाइलवर ते पाहिलं आणि लेकीला फोन लावला, “मंजू, त्यात आपली सांगली दिसंना गं!”

झालं. माझी रजा ठरली.

युकॉन हा कॅनडाचा वायव्य कोपरा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त, वस्ती पन्नास हजारांच्या आत. माझा हिशेब साधा होता. अशा मुलखात पाहायचं काय, तर डोंगर, नदी आणि झाडं, आणि ती खुर्चीत बसूनही दिसतात. व्हाइटहॉर्सला, म्हणजे युकॉनच्या राजधानीत, विमानातून उतरून भाड्याची गाडी घेतली तेव्हा मी मुद्दाम एक घडीची खुर्ची विकत घेतली. खुर्चीचं पुढे सांगतोच.

अण्णा हे महाबळेश्वर घराण्याचे प्रवासी. या घराण्यात जागा ‘पाहत’ नाहीत, पॉइंट ‘करतात’. एल्फिन्स्टन झाला, केट्स झाला, चला. त्यात अण्णांची स्वतःची भर म्हणजे बोर्डवाचन. पॉइंटवरचा प्रत्येक बोर्ड ते वरच्या मथळ्यापासून खालच्या खात्याच्या नावापर्यंत मोठ्याने वाचतात. आधी इंग्रजीत, मग माझ्यासाठी मराठीत. मी चौदा वर्षं कॅनडात राहतोय. कॅनडात सरकारी बोर्ड फ्रेंचमध्येही असतो. त्या भागाकडे अण्णा चष्मा सरकवून संशयाने बघत आणि म्हणत, “हे तेच असणार.” मग माझ्याकडे वळून, “तरी एकदा विचारून घ्या.”

पहिला पॉइंट एस. एस. क्लोंडाइक, मागे मोठं लाकडी चाक असलेली जुनी आगबोट. रस्ता नव्हता तेव्हा युकॉन नदीवरून माल नेणारी. १९५५ साली ती निवृत्त झाली आणि १९६६ मध्ये तिला व्हाइटहॉर्सच्या रस्त्यांवरून ओढत आजच्या जागी आणलं. तीन बुलडोझर, तीन आठवडे, आणि बोट घसरावी म्हणून खाली आठ टन साबण. हे ऐकल्यावर अण्णांनी बोट पाहायचं सोडलंच.

“आठ टन?”

“हो.”

“टेंडर कुणाला लागलं असेल हो?”

रात्री झोपताना त्यांनी पुन्हा विषय काढला. पाऊस पडला असता तर, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी विमानतळाजवळचं डीसी-३. खांबावर बसवलेलं अख्खं विमान, जे वाऱ्याबरोबर फिरतं आणि नाक वाऱ्याकडे करून उभं राहतं. जगातलं सर्वांत मोठं वातकुक्कुट म्हणून ते मिरवतं. तिथे अण्णांनी चाळीस मिनिटं घेतली, कारण विमान हलेना. शेवटी झुळूक आली, ते जडशीळ धूड पोळपाटावरच्या पोळीसारखं अलगद वळलं, आणि अण्णा टाळ्या वाजवत म्हणाले, “बेअरिंग एक नंबर!”

शेजारच्या बेरिंजिया केंद्रात मॅमथचा सांगाडा आहे, अस्वलाएवढ्या बीव्हरची प्रतिकृती आहे. त्यांच्यावरून अण्णांची नजर सरकली ती नकाशावर जाऊन थांबली. हिमयुगात समुद्राचं पाणी बर्फात अडकलं होतं, तेव्हा आशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये जमीन उघडी होती. प्राणी आणि माणसं तीवरून ये-जा करत. मग बर्फ वितळलं आणि जमीन पाण्याखाली गेली.

“म्हणजे रस्ता होता,” अण्णा हळूच म्हणाले. “देखभाल झाली नाही.”

डॉसन सिटी तिथून सव्वापाचशे किलोमीटर. गाडी मी एकटाच चालवणार होतो. मंजूला घाटाशिवायच्या सरळ रस्त्यावर झोप येते आणि अण्णांना रस्ता तपासायचा होता. इथे जमिनीत कायमचा गोठलेला थर आहे. तो वरून थोडा वितळला की रस्ता खचतो, कुठे उचलला जातो, आणि अशा जागी कडेला छोटे झेंडे लावतात.

“खड्ड्याला झेंडा!” अण्णांना गहिवरून आलं. “आमच्याकडं लोक बाभळीची फांदी खोचायचे. वर आमचंच नाव घेऊन शिव्या.”

वाटेत एक काळं अस्वल रस्त्याकडेला पिवळी फुलं खात बसलं होतं. मी गाडी थांबवली, मंजू जागी झाली, तिघांनी श्वास रोखून पाहिलं. अण्णांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “बोर्ड नाही याचा,” ते म्हणाले, आणि तो पॉइंट धरला गेला नाही.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये डॉसनजवळच्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि जगभरातून लाखभर माणसं तिकडे निघाली. वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय पोलीस सीमेवरून पुढे सोडत नसत. सगळं मिळून टनभर ओझं, आणि तेही पाठीवरून, खिंडीतून, फेऱ्या मारमारून. मंजूने वळून चार किलो भडंगाकडे पाहिलं. मी गप्प राहिलो.

गाव अजून त्या काळातलं वाटावं म्हणून तिथले बहुतेक रस्ते कच्चे ठेवलेत आणि कडेला लाकडी फळ्यांच्या पायवाटा आहेत. उभा जन्म ज्याने डांबरीकरणाची एस्टिमेटं केली, त्याने मुद्दाम कच्चा ठेवलेला रस्ता कसा पाहावा? अण्णांनी वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली आणि काही बोलले नाहीत. पण तिसऱ्या गल्लीत एकमेकींच्या खांद्यावर रेललेल्या दोन जुन्या इमारती दिसल्या तेव्हा त्यांची कळी खुलली. घरात शेगडी पेटते, खालची गोठलेली जमीन मऊ पडते, घर कलतं. “जागा चांगली, पाया चांगला, आणि बिघडवणारी उबच,” म्हणून त्यांनी चार बाजूंनी सहा फोटो काढवले.

जॅक लंडन या लेखकाच्या खोपटाची तर भावकीसारखी वाटणी झालीय. मूळचे निम्मे ओंडके डॉसनमध्ये, निम्मे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला, आणि दोन्हीकडे नवं लाकूड घालून पुरं खोपट उभं. “सातबारा कुणाच्या नावावर?” हा प्रश्न मी तिथल्या मुलीला विचारला नाही. विचारला असं अण्णांना सांगितलं.

नदीकाठी इथल्या मूळच्या लोकांचं केंद्र आहे. ‘क्लोंडाइक’ हा त्यांच्या ‘त्रोंडेक’ या शब्दाचा बाहेरच्यांनी केलेला चुराडा, जसं आपल्या शीवचं सायन. सोन्याची झुंबड आली तेव्हा त्यांचे प्रमुख, चीफ आयझॅक, आपल्या माणसांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला घेऊन गेले. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ती अलास्कातल्या नातेवाइकांकडे सांभाळायला दिली. कैक वर्षांनी ती तिथून परत आणली गेली. हा बोर्ड अण्णांनी मनातल्या मनात वाचला. मराठीतही सांगितला नाही. बाहेर आल्यावर बराच वेळ नदीकडे बघत होते. नंतर म्हणाले, “डिपॉझिट ठेवायला माणूस भरवशाचा लागतो.”

मग आला सनसेट पॉइंट. अण्णांच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. डॉसनमध्ये जूनअखेरीस सूर्य मावळतो रात्री पाऊणच्या सुमारास. पहिल्या दिवशी अण्णा सवयीने सहाला जेवले आणि साडेनऊला भुकेने कासावीस होऊन खिडकीत गेले, तर बाहेर लख्ख ऊन! धर्माला बाधा न येता त्या रात्री त्यांनी साडेअकराला दुसऱ्यांदा वरणभात खाल्ला. मग आम्ही मिडनाइट डोम नावाच्या टेकडीवर गेलो. मी आशेने खुर्ची उघडली आणि डासांचा पहिला ढग येताच मिटली. काचा चढवून तिघे गाडीत बसलो. सूर्य खाली यायचं नाव घेईना. डोंगरांच्या रांगेवरून आडवाच चालला, पाणंदीतून निघालेल्या म्हशीसारखा, कुठलीही घाई नसलेला. अखेर तो बुडाला. मी किल्ली फिरवली.

“आता एवढं थांबलोच आहोत,” अण्णा म्हणाले, “तर तीन तासांत उगवेलच की.”

सूर्योदय झाला. पॉइंट झाला.

पुढच्या तीन दिवसांत डॉसनहून परत व्हाइटहॉर्स आणि तिथून आणखी सव्वाचारशे किलोमीटर वॉटसन लेक. माझी कंबर खुर्चीसारखीच दुमडली होती. पाट्यांच्या त्या जंगलात जर्मन गावं होती, जपानी नंबरप्लेटी होत्या, कुणाची तरी फ्रायपॅनवर रंगवलेली पाटी होती. अण्णांनी बोर्ड काढला, खिशातून काळ्या रंगाची डबी आणि ब्रश काढला.

“आकडा सांगा.”

मी मोबाइल पाहिला. “सुमारे ११,२०० किलोमीटर.”

“कुठल्या रस्त्यानं?”

“सरळ. हवेतून.”

“मैलाचा दगड कावळ्यासाठी नसतो, जावईबापू. रस्त्यानं सांगा.”

“मध्ये समुद्र आहे, अण्णा.”

“पूर्वी नव्हता,” अण्णा म्हणाले. खात्याची चूक आपल्या बोर्डावर का घ्यायची, म्हणून आकड्याची जागा कोरीच राहिली. मग बाणाचा प्रश्न आला. सांगली दक्षिणेला, हे अण्णांना पक्कं ठाऊक. मी फोनवर दाखवलं की पृथ्वी गोल असल्यामुळे इथून सांगलीची सगळ्यांत जवळची वाट उत्तरेकडे, किंचित वायव्येला निघते.

“अजून वर?” अण्णांनी आलो त्या दिशेला पाहिलं. “सांगलीला जायला?”

शेवटी खुर्ची उघडली. अण्णा तिच्यावर चढले, मी पाय धरले, मंजूने खालून हातोडी दिली. त्यांनी बोर्डाच्या मधोमध एकच खिळा मारला, तोही सैल, आणि बोटाने टिचकी मारली. ‘सांगली’ अर्धवट गिरकी घेऊन उलटी झाली, डुलली, सुलटी झाली.

“आता वारा बघून घेईल,” अण्णा म्हणाले आणि खाली उतरले. “शेजारी बोर्ड दिसतोय तो वाचला का तुम्ही?”