अपील दाखल झाले म्हणजे हुकूमनामा थांबला, असे नाही

“हायकोर्टात अपील दाखल झाले की खालच्या कोर्टाचा निकाल आपोआप थांबतो. हायकोर्ट सगळे प्रकरण नव्याने ऐकते, नवे साक्षीदारही घेते. मुदत उलटली तरी घाबरू नका. आणि मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते.” हा मजकूर बरेच दिवस मोबाइलवरून फिरतो आहे. माझ्याकडे तो आला तेव्हा मी तो पुसून टाकला होता. मात्र त्यावर विसंबून माझ्या सख्ख्या आत्याने जे केले, ते पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

आत्याच्या राहत्या जागेच्या कब्जाचा दावा दोन्ही खालच्या न्यायालयांत तिच्या विरोधात गेला. तिने उच्च न्यायालयात दुसरे अपील दाखल केले, पण ‘आपोआप थांबते’ या भरवशावर स्थगितीच्या अर्जासाठी आग्रह धरला नाही. पलीकडच्या पक्षाने दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली आणि कब्जा वॉरंट घेऊन बेलीफ दारात उभा राहिला. आत्याने प्लास्टिकच्या पिशवीतून अपील नोंदवल्याचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाला, “आजी, हा अपिलाचा नंबर आहे. स्थगितीचा आदेश असेल तर तो द्या.” त्या बेलीफाचे काहीही चुकले नव्हते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ यातील आदेश ४१ (इथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतील नियमांचा गट), नियम ५ या बाबतीत संदिग्धतेला जागाच ठेवत नाही. केवळ अपील केल्यामुळे हुकूमनाम्याची (दिवाणी दाव्यातील निकालाच्या डिक्रीची) अंमलबजावणी थांबत नाही, ती थांबवायची तर अपील न्यायालयाचा तसा आदेश लागतो, असे तो नियम सांगतो आणि आदेश ४२ मुळे तोच नियम दुसऱ्या अपिलालाही लागू होतो. आदेश मिळवण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: स्थगिती न मिळाल्यास अर्जदाराचे मोठे नुकसान होईल, अर्ज करण्यात गैरवाजवी उशीर झालेला नाही, आणि शेवटी हुकूमनामा कायम राहिलाच तर तो पाळण्यासाठी अर्जदाराने तारण दिले आहे. म्हणजे ‘आपोआप’ म्हणून स्वस्थ बसणारा माणूस दुसरी अट दिवसेंदिवस स्वतःच अवघड करत जातो.

शिवाय स्थगिती फुकट मिळेलच असे नाही. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये दिलेला निकाल यासाठी मुळातून वाचावा. नवी दिल्लीतील एका दुकानाचे ठरलेले भाडे महिना ३७१ रुपये ९० पैसे होते. भाडेकरूविरुद्ध जागा खाली करण्याचा आदेश झाला, त्याने अपील केले आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने महिना १५,००० रुपये भरण्याच्या अटीवर स्थगिती दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. बेदखलीचा हुकूमनामा झाल्यानंतरही जागा वापरत राहायचे, तर मालकाच्या नुकसानीची वाजवी भरपाई करण्याची अट न्यायालय घालू शकते, हे या निकालाने पक्के केले. फिरत्या मजकुरात या पैशाचा उल्लेखसुद्धा नाही, आणि ज्यांचे डोक्यावरचे छप्पर पणाला लागले आहे अशा म्हाताऱ्या माणसांना तो पाठवला जातो, याचा मला राग आहे.

सगळे प्रकरण नव्याने ऐकले जाते, हा दुसरा दावा. पहिले अपीलच थेट उच्च न्यायालयात गेले असेल तर तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो, एवढे मान्य करावे लागेल, पण तेव्हाही दावा पहिल्यापासून चालत नाही. दुसऱ्या अपिलाचे दार तर फार अरुंद आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कलम १०० प्रमाणे प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो, अपिलाच्या मसुद्यात तो नेमका मांडावा लागतो आणि न्यायालय तो प्रश्न तयार करून त्याच्यावरच सुनावणी घेते. कोणता साक्षीदार खरे बोलला, याची फेरतपासणी तिथे सहसा होत नाही. खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष पुराव्याशिवाय किंवा कायदा डावलून काढलेला असेल, तर गोष्ट वेगळी. नवा पुरावा घ्यायला आदेश ४१, नियम २७ आहे, पण खालच्या न्यायालयाने पुरावा चुकीने नाकारला होता, किंवा पुरेशी खटपट करूनही तो तेव्हा हाती येऊ शकला नव्हता, अशा मोजक्या कारणांसाठीच.

मुदतीबद्दल फार लिहायला नको. उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस आहेत आणि त्यांतून निकालाची नक्कल मिळण्यात गेलेला काळ वगळला जातो. त्यानंतर आलात तर विलंबमाफीचा अर्ज करून पुरेसे कारण पटवावे लागते.

स्थगिती सहा महिन्यांनी उठते, हा चौथा दावा मात्र हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साधारण तसे म्हटले होते. पण २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती भूमिका रद्द केली, आणि तरीही मजकूर तसाच फिरतो आहे. खरी काळजी घ्यायची ती आदेशातील शब्दांची. ‘पुढील तारखेपर्यंत’ असे लिहिले असेल आणि त्या तारखेला मुदत वाढवून घेतली नाही, तर स्थगिती तिथेच संपते.

त्या दिवशी समोरच्या पक्षाने आठ दिवस थांबायची तयारी दाखवली, म्हणून आत्याच्या वकिलांना तातडीचा अर्ज करता आला. दरमहा रक्कम जमा करण्याच्या अटीवर तिला स्थगिती मिळाली आहे, पुढील तारखेपर्यंत. ती तारीख तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने लिहून ठेवली आहे.