‘दोन टाके मारून मोकळे झाला असतात’ : मॉडेल ए च्या चेसिसवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया सावकाश वाचली. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. 1930 च्या फोर्ड मॉडेल ए गाडीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, पुढच्या मडगार्डांचे ब्रॅकेट तापवलेल्या रिव्हेटांनी (ठोकून डोकं घडवायच्या लोखंडी खिळ्यांनी) बसवायचा जो खटाटोप मी लिहिला, तो तुमच्या मते ‘पैसेवाल्यांचा नाद’ आहे. आर्क वेल्डिंगचे दोन टाके मारले असते तर काम अर्ध्या दिवसात उरकलं असतं. चेसिस पिळवटत असेल तर सी-चॅनेलला, म्हणजे इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या लांब रेलना, आतून पट्टी मारून बॉक्स करायचं, बंद पेटीसारखं. मडगार्ड शेवटी ओढूनताणूनच बसतात, मग दोऱ्या न् ओळंबे कशाला? पावडर कोटिंग, म्हणजे पूड उडवून भट्टीत भाजलेला रंग, का नाही? आणि वर तुमच्या जीपचा दाखला, की चेसिसला स्वतः मारलेली पट्टी इतकी वर्षं झाली तरी हललेली नाही.

तुमचा जन्म डेंटिंगमध्ये गेला, मी हौशी माणूस. तरी वाद घालतो, कारण या गाडीपुरतं तुमचं म्हणणं मला पटत नाही.

आधी वेल्डिंगचं बघू. सी-चॅनेल वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला येतो. मधल्या उभ्या पत्र्याच्या मध्यावर तो जवळजवळ नसतोच. आमच्या ब्रॅकेटाचे रिव्हेट या उभ्या पत्र्यातून जातात. तिथे टाका मारायचा म्हटलं की तो ब्रॅकेटाच्या कडेने फिरत फ्लँजपर्यंत पोचतो. टाक्याशेजारचं लोखंड तापतं, थंड होताना आक्रसतं आणि रेल त्या बाजूला ओढली जाते. शिवाय टाका जिथे संपतो तिथे जाड आणि पातळ धातू एकदम भेटतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तडा तिथूनच सुरू होतो. ट्रक कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांसाठी ज्या सूचना देतात त्यात चेसिसच्या फ्लँजला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका, असं बजावलेलं असतं. तुम्ही त्या माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या असतील.

आता रिव्हेटच का, बोल्ट का नाही? बोल्ट भोकात सैल असतो. नट कितीही आवळा, भोक आणि दांडा यांच्यात फट राहतेच आणि सततच्या कंपनाने भोक लांबट होतं. आमच्या डाव्या ब्रॅकेटाची दोन भोकं तशीच झाली होती, कारण पूर्वी कुणीतरी रिव्हेट उडवून तिथे साधे बोल्ट घातले होते. लाल-नारिंगी तापलेला रिव्हेट भोकात घालून घणाने डोकं घडवलं की दांडा फुगून भोक भरतो, आणि थंड होताना आखडून दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. भोक रीमरने (भोक नेमक्या मापात कापायच्या हत्याराने) साफ करून नेमक्या मापाचा फिटिंग बोल्ट घातला तरी काम होतं, हे मी कबूल करतो. ज्यांच्याजवळ भाता आणि घण चालवणारे हात नाहीत त्यांनी तेच करावं. आमच्या सुदैवाने उद्यमनगरात ही कला अजून जिवंत आहे. एक जण भोकात रिव्हेट सरकवतो, दुसरा मागून जड ठोकळा दाबून धरतो, तिसरा घण मारतो, आणि रिव्हेटाचा रंग उतरायच्या आत डोकं गोल झालेलं असतं. पैशाचं म्हणाल तर रिव्हेट फार स्वस्त पडतात, वेळ जातो तो माणसं एका जागी गोळा करण्यात.

बॉक्स करायची सूचना मात्र मला सरळ नामंजूर. मॉडेल ए ला पुढे एक आणि मागे एक अशी आडवी कमान स्प्रिंग आहे, दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे तीन आडवे तुकडे (क्रॉस-मेंबर). रस्ता उंचसखल आला की ही चौकट थोडी पिळते, आणि ते गृहीत धरूनच गाडी बांधलेली आहे. इंजिन 200.5 घन इंचांचं, ताकद 40 अश्वशक्ती. अमेरिकेत हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे, याच चेसिसला बॉक्स करतात, पण ते त्यात मोठं आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन कोंबतात म्हणून. आपल्याला तसलं काही करायचं नाही. रेल बंद पेटीसारखी केली की पीळ नाहीसा होत नाही, तो जिथे पेटी संपते तिथे आणि जोडांवर जाऊन साचतो. मग ब्रॅकेट तुटतात, बॉडीचे माउंट ढिले होतात, आणि आपण पुन्हा वेल्डिंगचं मशीन काढतो.

दोरीबद्दल तुम्ही बरंच हसलात. पण मडगार्डाचा प्रश्न मडगार्डात नसतोच. जुन्या मॉडेल ए च्या रेल मध्यावर खाली बसलेल्या असतात. बाहेरून ते कळतं ते दारांवरून: वरची फट आवळते, खालची फाकते. म्हणून रेलच्या वरच्या पृष्ठावर पुढून मागे दोरी ताणून मध्यावर किती उतार आहे ते पाहिलं. मग दोन्ही रेलवरच्या जोडीच्या भोकांतून ओळंबे सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजले. कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नाही आले तर ती एका बाजूला सरकली आहे. हे आधी दुरुस्त केल्याशिवाय ब्रॅकेटला हात लावणं म्हणजे तिरक्या भिंतीत नवी चौकट बसवून मग दार तासत बसण्यासारखं.

आणि ‘मडगार्ड ओढून बसवायचे असतात’ या वाक्यावर थोडं थांबतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. या गाडीत पुढचे दिवे एका आडव्या दांडीवर असतात. त्या दांडीची दोन्ही टोकं मडगार्डातून आरपार जाऊन थेट ब्रॅकेटाला बोल्टने बांधली जातात. म्हणजे ब्रॅकेट मडगार्डाचा तर आहेच, दिव्यांचाही तोच आधार. एक ब्रॅकेट पुढे आणि दुसरा मागे राहिला तर दांडी तिरकी बसते, दिवे फिरतात. दिवा एक अंश फिरला तरी 25 फुटांवर त्याचा झोत पाच इंचांहून जास्त सरकतो. ताणून बसवलेल्या मडगार्डाचं काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे: पत्र्यात कायमचा ताण राहतो आणि बोल्टच्या भोकापासून केसासारखा तडा फुटतो. आमच्या उजव्या मडगार्डावर असे तीन तडे होते, सगळे त्याच बोल्टभोवती, आणि वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवला, मग गॅस वेल्डिंगने भरून मागून घासला. ब्रॅकेट वाकडाच राहिला असता तर तडे पुन्हा आले असते.

म्हणून क्रम उलटा ठेवला. ब्रॅकेट आधी तात्पुरत्या बोल्टांवर. मग रेडिएटर, बॉनेट, बॉडीखालचे शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या), दारांखालच्या पायपट्ट्या, सगळं सुकं जोडून पाहिलं. बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आल्यावर मडगार्ड लावले. मडगार्डाचं खालचं टोक पायपट्टीला बोल्टने जोडलं जातं, ते हाताच्या बोटांनी बोल्ट घालण्याइतकं सहज जुळलं पाहिजे, पान्याने ओढून नव्हे. वाकलेला ब्रॅकेट तापवून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या ब्रॅकेटावरून केलेल्या लाकडी साच्याशी ताडत सरळ केला, साचा उलटा धरून. सगळं जुळल्यावर पुन्हा खोललं आणि मग रिव्हेट.

रंगाचं दोन वाक्यांत. ब्रॅकेट आणि रेल यांच्यामधल्या फटीत पावडर शिरत नाही, आणि गंज तिथेच वाढतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, पत्रे एकमेकांपासून ढकलतो. म्हणून दोन्ही अंगं रिव्हेटच्या आधी साफ करून झिंक प्रायमर दिला, रिव्हेटने जळलेल्या जागा नंतर ब्रशने भरल्या, वर साधा काळा रंग. खरचटलं तर घरी हात मारता येतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. मॉडेल ए च्या इंजिनाचा नंबर चेसिसवरही ठोकलेला असतो, डाव्या रेलच्या वरच्या बाजूला, बॉडीखाली झाकलेला. तिथे ग्राइंडर फिरवला किंवा टाका ओतला की गाडीची ओळख गेली. आणि 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मान्यता मिळाली तर ‘व्हीए’ असलेला नंबर आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते. ही गाडी उजव्या स्टेअरिंगची, त्या काळात कॅनडाच्या फोर्डकडून आपल्याकडे येत त्यांच्यातली. बॉक्स केलेल्या रेल घेऊन आरटीओत जायची माझी तयारी नाही.

आता तुमच्या जीपबद्दल. तुमची पट्टी टिकली यात मला नवल वाटत नाही. शेतात, घाटात रोज राबणाऱ्या गाडीला तुम्ही लवकर उभी केलीत, ते योग्यच केलंत. फक्त एकदा गाडी घोडीवर (उचलून धरायच्या स्टँडवर) घ्या आणि पट्टीची दोन्ही टोकं बघा. टोक चौकोनी असून टाका फ्लँजला आडवा गेला असेल, तर तिथला रंग खरवडून रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटेल. रेघ उमटली तर पट्टी काढून टोकं निमुळती कापा, आडवा टाका टाळून लांबीच्या दिशेनेच वेल्डिंग करा. नाही उमटली तर तशीच चालू द्या, आणि खाली प्रतिक्रियेत तसं लिहा, मी छापीन.