क्लार्क बाईंच्या कामाला रकानाच नाही

आज शाळा समितीच्या बैठकीतनं घरी आले तर जेवण गेलं नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची आहे, एवढं पुरे. मी तिथं पालक प्रतिनिधी. विषय होता ऑफिसातल्या क्लार्क बाईंचं वार्षिक मूल्यमापन. हातात दिला तो फॉर्म शिक्षकांचाच. पाठ टाचण, वर्गनियंत्रण, विषयाचा निकाल. बाई शिकवतच नाहीत, म्हणून तिथं रेघ मारली, उरलेल्या गुणांची बेरीज केली आणि खाली शेरा लिहिला, ‘सामान्य’. पाच मिनिटांत विषय संपला. चहा आला. शेजारच्या खोलीत बाई सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीच्या ऑनलाइन यादीत, मुलांची नावं भरत बसल्या होत्या.

मला त्या क्षणी आमचे क्लार्क सर आठवले. 1998 साल, मी दहावीला. सुगी चालू होती, खळ्यावर भाताची मळणी. संध्याकाळी सर सायकल मारत थेट खळ्यावर आले. एसएसएलसीच्या फॉर्मवर माझं आडनाव इंग्रजीवरून कन्नडमध्ये उतरवताना ‘ळ’चा ‘ल’ झाला होता. इंग्रजीत दोन्हीला एकच अक्षर, त्यामुळं दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. बाबांनी हात धोतराला पुसले आणि सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. सर पाणी पिऊन अंधारातच परत गेले.

माझा चुलत भाऊ दुसऱ्या शाळेत होता. त्याच्या मार्क्स कार्डावर ‘ल’, जातीच्या दाखल्यावर ‘ळ’. तो अजून अफिडेव्हिट घेऊन फिरतो.

आता सांगा, सरांची ती संध्याकाळ कुठल्या रकान्यात भरायची? क्लार्कनं काम नीट केलं की काहीच घडत नाही. चूक होत नाही, पालकाला दहा हेलपाटे पडत नाहीत, स्कॉलरशिप परत जात नाही. न घडलेल्या गोष्टीला गुण कोण देणार!

आणि आपल्या भागात तर हे काम दुप्पट आहे. बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या ऑफिसचं सुत्तोले, म्हणजे परिपत्रक, कन्नडमध्ये येतं. क्लार्क बाई प्रत्येक ओळीवर पेन्सिलनं बारीक अक्षरात मराठी लिहून मग तो कागद हेडसरांच्या टेबलावर ठेवतात. मी स्वतः बघितलंय. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हे कधीचं ठरलेलं आहे. ते मागता मागता आपल्या दोन पिढ्या गेल्या. तोवर शाळा कुणाच्या पेन्सिलीवर चाललीय? त्या पेन्सिलीला ‘सामान्य’ म्हणता?

हो, ‘उद्या या’ म्हणून टीसीसाठी चार दिवस फिरवणारे क्लार्कही आहेत, मान्य. पण त्यांनाही हाच फॉर्म लागतो आणि त्यांनाही ‘सामान्य’च मिळतं. मग मोजलं काय तुम्ही?

मोजायचं तर कामाचं मोजा. किती दाखले किती दिवसांत दिले, किती फॉर्म चुकीपायी परत आले, पगार बिल वेळेवर गेलं का. पालकांना विचारा. बाईंना स्वतःला विचारा, वर्षभरात काय केलं आणि काय अडलं. लायब्ररी सांभाळणाऱ्यांचा फॉर्म वेगळा, लॅबवाल्यांचा वेगळा. यात अवघड काय आहे? अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकवाल्या बायकांचं तर बोलायलाच नको, त्यांची आठवण फक्त आमटी करपली की होते.

आणि बाईंना तो शेरा कुणी दाखवलाही नाही. 2008 साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे, नुसता वाईटच नव्हे. संस्था म्हणेल, ते आम्हाला लागू नाही. नसेल! माणुसकी तर लागू आहे?

निघताना मीच बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असू दे ओ ताई, तुमच्या लेकीचं आधारवरचं स्पेलिंग जुळत नाही बघा, तेवढं करून घ्या.’ माझा राग तिथंच पाणी झाला. डोळे भरले.

आमच्या सरांना मी कधी साधं ‘बरं झालं तुम्ही आलात’ एवढंही म्हटलं नाही. आता सर नाहीत.

सोमवारी ठरावाच्या वहीत माझी असहमती लिहून देणार आहे. ज्यांचे दाखले, नावं, तारखा बाईंनी निस्तरून दिल्या, त्यांनी त्याखाली सही करायला या. मी दहा वाजता शाळेच्या फाटकाशी असेन.